बाथरूमला परवानगी लागते का? आधी सांगा, जागा हलणार आहे का

आज पाहुणं कोणी नाही, मी एकटीच आहे, आणि विषयही एकच आहे. भिंतीच्या ओलीवरचा भाग झाला आणि त्यानंतर जे निरोप आले, त्यातले बरेचसे एकाच वळणाचे होते. त्यातला एक सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही आपलाच वाटेल.

भवानी पेठेतल्या एका दादांचा निरोप आहे. घर आजोबांच्या वेळचं. संडास आणि न्हाणी मागं परसात. आईचं वय झालंय, गुडघे गेलेत, रात्री दोनदा उठावं लागतं आणि पावसाळ्यात परसातली शहाबादी फरशी निसरडी होते. म्हणून आईच्या खोलीला लागूनच कमोडचं बाथरूम करायचंय. ठेकेदार म्हणतो, "परवानगी कशाला काढता ओ, घरातलं तर काम आहे." मेहुणे म्हणतात, नोटीस येईल, काम थांबेल. आणि अमेरिकेत असलेला मुलगा म्हणतो, बाबा, इकडं साधं बाथरूम बदलायलाही परमिट लागतं, तुम्ही चौकशी तर करा. दादा विचारतात, ताई, यातलं खरं कोणाचं?

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोणाचं किती, ते बाथरूम कुठं होणार यावर ठरतं. म्हणून माझ्याकडं कोणी हा प्रश्न आणला की मी आधी विचारते, जागा हलणार आहे का? मग विचारते, वजन कुठं वाढणार? आणि तिसरं, घाण पाणी कुठं जाणार? या तीन उत्तरांवर परवानगीचं उत्तर निघतं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, लवकर उरकते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. याचं कलम ४३ सांगतं की नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे आपल्याकडं सोलापूर महानगरपालिकेच्या, परवानगीशिवाय जमिनीवर किंवा इमारतीत विकासकाम करायचं नाही. पण त्याच कलमात पुढं सूट आहे. इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंधित असलेली, किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी देखभाल, सुधारणा, फेरफार यांना ही परवानगी लागत नाही. वारसा इमारत असेल तर मात्र ही सूट नाही.

ठेकेदार बोलतो ते या सुटीच्या जोरावर. त्याला कलम माहीत नसतं, पण अनुभवानं माहीत असतं. आणि आहे त्याच जागी काम असेल तर तो बरोबर आहे. जुन्या टाइल्स काढून नव्या बसवणं, भारतीय पॅन काढून कमोड बसवणं, नळ, शॉवर, गिझर, दरवाजा बदलणं, गळकी पाइप बदलणं, वॉटरप्रूफिंग पुन्हा करणं, यासाठी बांधकाम परवानगी विभागात जायची गरज नाही. मुंबईच्या महापालिका कायद्यात, म्हणजे १८८८ च्या कायद्यात, कलम ३४२ खाली अशा किरकोळ दुरुस्त्यांची यादीच दिलीय. फरशी बदलणं, संडास-न्हाणीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, मॅनहोल बदलणं वगैरे. तो कायदा सोलापूरला लागू नाही, हे लक्षात ठेवा. पण 'दुरुस्ती' म्हटलं की कायद्याच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते समजायला ती यादी चांगली आहे.

सोलापूरला लागू होतो तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चा. त्याच्या कलम २५४ प्रमाणे इमारतीत वाढ किंवा ठरावीक प्रकारचे फेरबदल करायचे तर आयुक्तांना आधी नोटीस द्यावी लागते. त्यात बाहेरची भिंत, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत आणि छपराला आधार देणारी भिंत यांचा खास उल्लेख आहे. आणि बांधायचं कसं, किती, कुठं, हे ठरवते ती २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात आणि आर्किटेक्टकडं सगळे तिला यूडीसीपीआरच म्हणतात. मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग सोडले तर जवळपास सगळ्या महाराष्ट्राला हीच लागू आहे.

झाला कायदा. आता अमेरिकेतल्या मुलाचं. तिकडच्या बऱ्याच शहरांतही टाइल्स आणि रंगाला परमिट लागत नाही, कमोड काढून त्याच जागी परत बसवायलाही नाही. पण पाइपची मांडणी बदलली की लागतं. आणि परमिट काढलं की तिथं निरीक्षक येतो, भिंत बंद व्हायच्या आधी. उघडे पाइप बघतो, दाब देऊन तपासतो, मगच टाइल्स. आपल्याकडं आतल्या कामाला परवानगी नाही, म्हणजे आतलं काम बघायलाही कोणी येत नाही. हे लोकांच्या लक्षात येत नाही. "परवानगी लागत नाही" हे ऐकून माणूस सुटल्यासारखा होतो. अहो, पण त्या भिंतीतला जोड नीट चिकटवलाय का, हे बघणारा तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. तो मिस्त्री पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर असतो.

आता जागा हलते तेव्हा काय होतं, ते. दादांचा संडास मागं परसात, आईची खोली पुढं. मधलं अंतर धरू वीस फूट. कमोडचा पाइप चार इंची असतो, आणि त्याला उतार साधारण साठाला एक लागतो. म्हणजे पाच फुटाला एक इंच. वीस फुटाला चार इंच. त्यात पाइपची स्वतःची जाडी चार इंच, वर बेंड, वर फरशीचा थर. मागचा चेंबर मुळात उथळ असेल तर पुढच्या खोलीतली बाथरूमची फरशी घराच्या फरशीपेक्षा फूटभर उंच घ्यावी लागते. आणि ज्या आईसाठी हे सगळं चाललंय, तिला बाथरूममध्ये जायला एक फुटाची पायरी चढावी लागते! हे मी अनेक घरांत बघते. म्हणून टेपनं आधी चेंबरची खोली मोजा. कमोडचं मॉडेल नंतर बघा.

उतार वाढवला तर लवकर जाईल, असं काही मिस्त्री म्हणतात. जास्त उतारात पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो. त्यात आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, माणसं बादलीनं बेतानं पाणी टाकतात. सोलापूरचा पाइप मुंबईच्या पाइपपेक्षा लवकर तुंबतो, तो यामुळंही.

पाइप जातो कुठं, हा पुढचा मुद्दा, आणि इथं परवानगीचा संबंध सुरू होतो. महापालिकेच्या ड्रेनेज लाइनला नवी जोडणी घ्यायची तर अर्ज करावा लागतो आणि काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्यावं लागतं. तुमच्या आवारातल्या चालू चेंबरला आतून पाइप आणून जोडला तर प्रश्न सोपा. रस्ता खोदायचा असेल तर रस्ता तुमचा नाही, त्याची परवानगी आणि पैसे वेगळे. जादा नळजोड हवा असेल तर तोही अर्जावरच. आणि हो, नव्या बाथरूमला जोर यावा म्हणून महापालिकेच्या नळाला थेट मोटार लावता येत नाही. आधी हौद किंवा टाकी भरायची, मग तिथून मोटार.

काही गल्ल्यांत अजून एक प्रकार चालतो. ड्रेनेज लांब आहे म्हणून कमोडचा पाइप गपचूप उघड्या गटारीत सोडतात. हे करू नका, आणि हे मी नुसतं वासासाठी सांगत नाहीये. हातानं मैला साफ करण्याला बंदी घालणारा २०१३ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात 'अस्वच्छ शौचालय' कशाला म्हणायचं, याची व्याख्या दिलीय. मैला पुरता कुजायच्या आधी उघड्या गटारीत किंवा खड्ड्यात जातो आणि तिथं कोणाला तरी तो हातानं काढावा लागतो, असं शौचालय त्या व्याख्येत येतं. म्हणजे वर इटालियन टाइल्स असू द्या, कायद्याच्या दृष्टीनं ते टोपलीच्या संडासाच्याच रांगेतलं. असं शौचालय बांधणं हा गुन्हा आहे. ती गटार सकाळी कोण काढतं, ते आपण सगळेच रोज बघतो.

हद्दवाढ भागातल्या लोकांचं वेगळं. १९९२ ला शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं महापालिकेत आली, पण ड्रेनेज काही सगळीकडं लगेच पोचलं नाही. अनेक घरं सेप्टिक टँकवर आहेत. तुमची टाकी चार माणसांच्या हिशेबानं बांधलेली असेल आणि वर दोन नवी बाथरूम काढली, तर टाकी लवकर भरते. टाकीचं झाकण फरशीखाली पुरून टाकू नका. ते उघडता आलं पाहिजे, आणि उपसायला गाडीचा पाइप पोचला पाहिजे. माणूस आत उतरवायचा नाही. आत वायू साठलेला असतो आणि तो दिसत नाही.

आता वजन. इथं जरा सावकाश ऐका, कारण वरच्या मजल्यावर बाथरूम काढणारे यातच फसतात. पाच बाय सातचं बाथरूम घ्या. पस्तीस चौरस फूट, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. पाइप लपवायला फूटभर भराव घातला, विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो झाला जवळपास एक घनमीटर, वजन पावणेदोन टनांच्या आसपास. दोन बाजूंना साडेचार इंची विटांची भिंत सात फुटांपर्यंत घेतली, तर तिचं आणखी दीड-पावणेदोन टन. सव्वातीन-साडेतीन टन झाले. अजून टाइल्स नाहीत, कमोड नाही, पाण्याचं पिंप नाही, माणूस नाही. आता दुसरी बाजू बघा. राहत्या घराच्या स्लॅबवर वापराचा भार भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे दर चौरस मीटरला २०० किलो धरतात. सव्वातीन चौरस मीटरला साडेसहाशे किलो. म्हणजे खोली म्हणून बांधलेल्या स्लॅबवर तुम्ही तीन-चार छोट्या मोटारी आणून ठेवायला निघालाय. मूळ नकाशात जिथं बाथरूम आहे तिथं इंजिनिअरनं हा भार धरलेला असतो, बहुतेक वेळा स्लॅबच खाली घेतलेला असतो, ज्याला सगळे सनकन म्हणतात. बेडरूमच्या स्लॅबचं तसं नसतं.

आणि जुन्या पेठांत तर स्लॅबसुद्धा नाही. माळवद आहे. तुळया, त्यावर कडीपाट, वर मातीचा जाड थर, आणि त्याला आधार मातीत रचलेल्या दगडी भिंतींचा. ही घरं उन्हाळ्यात थंड राहतात, सोलापूरच्या उन्हात त्याची किंमत कळते. पण माळवदाचा वैरी पाणी. वर किंवा अगदी लगत बाथरूम आलं, थोडी जरी ओल झिरपली, तर तुळईचं टोक भिंतीत जिथं बसलंय तिथं कुजायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून माळवदाच्या वर बाथरूम नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तळमजल्यावर घ्या, भिंती हलक्या ब्लॉकच्या घ्या, आणि दगडी भिंतीत पाइपसाठी खोल खाचा मारू नका. पाइप भिंतीबाहेरून न्या. दिसतील ते, दिसू द्या. गळले तर कळेल तरी.

दगडी भिंतीत दरवाजा पाडायचा असेल तर मात्र थांबा. ती भिंत छप्पर पेलते. मघाशी सांगितलेलं कलम २५४ आठवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्याच्या सहीचा कागद घ्या. हा खर्च लोकांना जड वाटतो. टाइल्सच्या डिझाइनला मात्र आपण चार दुकानं फिरतो.

तर परवानगी नक्की कुठं लागते? घराची बाहेरची रेघ पुढं सरकली की लागते. बाल्कनी बंद करून बाथरूम केलं, गच्चीवर बांधलं, परसात नवी खोली उठवली, दोन घरांमधल्या मोकळ्या पट्ट्यात शौचालय काढलं, तर ते 'आतलं काम' राहत नाही. त्या मोकळ्या पट्ट्याला कागदावर सामासिक अंतर म्हणतात. ते शेजाऱ्याच्या उजेड-वाऱ्यासाठी आणि आग लागली तर माणसाला जाता यावं म्हणून सोडलेलं असतं. सोलापुरात सगळ्यात जास्त बाथरूम याच पट्ट्यात निघतात, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही तिथंच होतात. तक्रार शेजारी करतो, महापालिका नंतर येते.

नवं बाथरूम करताना मापंही बघावी लागतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, नुसती न्हाणी असेल तर १.८ चौरस मीटर, नुसतं शौचालय १.१ चौरस मीटर, दोन्ही एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर आणि रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नको. आपल्या नियमावलीतली मापं तुमच्या आर्किटेक्टकडून वेगळी तपासून घ्या. शौचालयाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं नाही. फरशीचा उतार नाहणी ट्रॅपकडं हवा, खोलीकडं नको. बाय द वे, हा 'नाहणी ट्रॅप' देशभरच्या सिव्हिलच्या पुस्तकात छापलेला असतो. शब्द आपल्या न्हाणीघरातला आहे, पोरं इंग्रजी समजून पाठ करतात.

आणि एक तरी बाजू बाहेरच्या हवेला उघडी हवी. पेठेतली घरं अरुंद, दोन्हीकडं शेजारी, मधल्या खोलीला खिडकीच नाही. अशा ठिकाणी वर झरोका किंवा पंख्यासह डक्ट काढावाच लागतो. हा नियम उगाच नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच येत नाही. झरोका नसेल तर गॅस गिझर आत नको, बाहेर मोकळ्या हवेत लावा, नाहीतर विजेचा घ्या.

परवानगी लागणार असं ठरलं, तर पुढं काय? आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता गाठायचा, तो नकाशा काढून प्रस्ताव दाखल करतो. सोबत लागते मिळकत पत्रिका, म्हणजे आपला सिटी सर्व्हेचा उतारा, नाहीतर सातबारा, आधीचा मंजूर नकाशा, कर भरल्याचा दाखला. छाननी शुल्क आणि विकास शुल्क भरावं लागतं. लहान घरांना एक दिलासा आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडावरची छोटी निवासी बांधकामं यूडीसीपीआरनं कमी जोखमीची धरलीत आणि त्यांची पद्धत सोपी ठेवलीय. पेठेतली बरीच घरं या मापात बसतात, तेव्हा आर्किटेक्टला हे नक्की विचारा. अजून एक गोष्ट कानावर येते, "साठ दिवसांत उत्तर नाही आलं की परवानगी मिळाली म्हणायची." कायद्यात मानीव परवानगी आहे, खरं आहे. पण ती फक्त नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच. सामासिक अंतरातलं बाथरूम साठ दिवसांनी कायदेशीर होत नाही.

खरी गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. आधीचा मंजूर नकाशाच सापडत नाही. आणि उतारा निघतो तो आजोबांच्या नावावर, खाली सहा वारस. एक काका पुण्यात, एक आत्या हैदराबादला, एकाशी बोलणं नाही. बाथरूम पाच बाय सातचं, पण सही सगळ्यांची. दादा, तुमच्या निरोपात तुम्ही "घर आजोबांच्या वेळचं" म्हणालात तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं. तुमचं काम भिंतींच्या आत होतंय, मागचा चेंबर तुमचाच आहे, छपराच्या भिंतीला हात लागत नाही, तर बांधकाम परवानगीची गरज पडू नये. तरी बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, साध्या कागदावर का होईना. आईसाठी करतोय म्हटल्यावर बहुतेक जण देतात. नंतर वाटण्या निघाल्या की मग तोच कागद हजार रुपयांच्या टाइलपेक्षा महाग ठरतो.

आम्ही मिळकत कर भरतो, पावतीवर बाथरूमसकट क्षेत्र आहे, मग अधिकृतच की, असंही बरेच जण म्हणतात. कर आणि परवानगी ही दोन वेगळी खाती आहेत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ मध्ये स्पष्टच आहे की अनधिकृत बांधकामावर कर आणि शास्ती घेतली म्हणजे ते नियमित झालं असं होत नाही. घर विकताना किंवा बँकेचं कर्ज काढताना हे बाहेर येतं. बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन उभा राहतो.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्हाला महापालिकेच्या आधी सोसायटी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये वाढ किंवा फेरबदल करायचा तर समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. आणि बाथरूम मूळ जागेवरून हलवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर आणू नका. संहितेतही शौचालय दुसऱ्या राहत्या खोलीच्या वर घ्यायचं तर फरशी जलरोधक असली पाहिजे, अशी अट आहे. संडास, सिंक यांची आतली गळती सभासदानं स्वतःच्या खर्चानं काढायची असते, सोसायटीनं नाही. खालच्या काकूंच्या छताला डाग पडला की तुम्ही आणि त्या, दोघींनाच ते निस्तरायचं असतं, आणि जिना एकच असतो.

भाडेकरूंसाठी एक इशारा. चाळीतल्या खोलीत मोरीचं बाथरूम करायचंय, घरमालक तोंडी हो म्हणालेत. तोंडी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर तेच खोली खाली करून घ्यायचं कारण होऊ शकतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी अशा काही गोष्टी पक्क्या बांधकामात धरत नाहीत, असं तिथंच लिहिलंय. बाथरूमचं नाव त्यात नाही.

आणि ज्यांचं घर भुईकोट किल्ल्याजवळ आहे त्यांनी एवढं ऐकून मगच काम काढा. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये सुधारलेल्या स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र, आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाहीच. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून घर उभं असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. म्हणजे शहरात दुसरीकडं जे काम विनापरवानगी होतं, त्यालाही इथं ना-हरकत लागू शकते. टाइल बदलणं कुठं संपतं आणि नूतनीकरण कुठं सुरू होतं, ही रेघ बारीक आहे. अशा वेळी लेखी विचारलेलं बरं. तोंडी मिळालेलं "काय होत नाही" नंतर कोणी लक्षात ठेवत नाही.

राडारोडा रस्त्यावर टाकू नका, गाडी ठरवताना तो उचलायचे पैसे ठेकेदाराशी आधीच बोलून घ्या.

शेवटी कामाचं. आत बघायला निरीक्षक येत नाही, असं म्हणाले ना मी, तर ते काम तुम्ही करायचं. भिंत बंद करायच्या आधी सगळे पाइप उघडे असताना बाजूला टेप धरून फोटो काढा, चारी भिंतींचे. जमिनीपासून किती इंचावर, कोपऱ्यापासून किती इंचावर, ते फोटोत दिसलं पाहिजे. उद्या टॉवेलची दांडी ठोकताना ड्रिल कुठं मारायचं नाही, ते त्यातून कळतं. पाइपला पंपानं दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरलेला दिसला तर टाइल लावू देऊ नका. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बोळा लावून फरशीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास तुंबवून ठेवा, पातळीला भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि खाली, शेजारच्या खोलीत, सगळीकडं ओल बघा. मिस्त्री कुरकुर करेल. सोलापुरात याला अजून एक अडचण आहे, तुंबवायला पाणी हवं. म्हणून पाणी सुटायचा दिवस बघून वॉटरप्रूफिंग संपवा, टाइल्सवाल्याला त्याच्या तिसऱ्या दिवशी बोलवा. तुंबवलेलं पाणी नंतर बादलीनं काढून परसातल्या झाडांना नको, त्यात सिमेंट असतं. फरशा धुवायला वापरा.

दादा, तुमच्या चेंबरची खोली मोजून कळवा. मग कमोड कुठं बसेल ते सांगते.